‘काही झालं तर?’

मी समुपदेशन करते. नवरात्राचे गरबे संपले की माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर असतात, गाडी दारात असते आणि घरात पाच-सात महिन्यांचं बाळ असतं. नवऱ्याला डांग जिल्ह्यातल्या सापुताऱ्याला जायचं असतं आणि बायको विचारते, “ताई, डोंगरात मध्येच काही झालं तर?”

गेल्या वर्षीची एक आई सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या बाजूला जुनं मराठी घर, सासू-सासरे, नवरा आणि सात महिन्यांची मुलगी. तिची झोप उडाली होती. नवरा म्हणायचा, “अगं, सगळे जातात!” आपल्या मते तो तिला धीर देत होता. तिच्या कानांना ऐकू यायचं, “तुलाच जमत नाही.”

पहिल्या दोन भेटींत मी चूक केली. तिच्या भीतीला मी माहितीनं उत्तरं देत बसले. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, घाटात कानांना दडे बसले तर गाडी थांबवून पाजलं की मोकळे होतात, 108 ला फोन लागतो. ती मान डोलवायची आणि पुढच्या वेळी चार नवे प्रश्न घेऊन यायची. डांगच्या जंगलात रेंज नसेल तर 108 कुठून लागणार? बरोबरच होतं तिचं.

तिची सगळीच भीती अवास्तव नव्हती, हेही सांगायला हवं. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत, म्हणजे जाऊन-येऊन सहाशेएक किलोमीटर. हा बेत तान्ह्या बाळासाठी नव्हताच, तो नवऱ्याच्या कॉलेजच्या दिवसांतला होता. तसं मी त्याला तोंडावर सांगितलं. मग ठरलं की शुक्रवारी संध्याकाळी निघून नवसारीला मावसभावाकडे मुक्काम करायचा. (नवसारी म्हणजे जुनं गायकवाडी राज्यच, आपलं माणूस सापडतंच.) सकाळी ताजंतवानं होऊन वांसदा, वघई आणि मग घाट. सोमवारी रजा. आधी त्याला श्रावणात जायचं होतं, गिरा धबधबा भरून वाहताना बघायला. पावसाळ्यातलं डांगचं धुकं आणि घाटात येणारे दगड बघता ते टळलं ते बरंच झालं.

तरी तिची झोप परतली नाही.

तिसऱ्या भेटीत तिनं पर्समधून सामानाची यादी काढली. वहीची दोन पानं, बावन्न वस्तू. डायपर, थर्मास, नाचणीसत्त्व, थर्मामीटर हे समजण्यासारखं. पण तीन टोपरी, ओव्याची पुरचुंडी, वेखंड, हिंगाची डबी, इंडक्शनची शेगडी आणि छोटा मिक्सरसुद्धा! मी तिला लाल पेन दिलं. म्हटलं, “जे नसलं तर बाळाचं खरंच अडेल, त्याच्यापुढे खूण कर. जे नसलं तर तुला कोणीतरी बोलेल, त्याच्यापुढे त्या माणसाचं नाव लिही.”

आधी हसली, मग लिहायला लागली. खुणा झाल्या चौदा. ‘आई’, म्हणजे सासूबाई, नऊ वेळा. नणंद चार वेळा, डॉक्टर तीन वेळा. मिक्सरपाशी पेन थांबलं. बराच वेळ. मग तिनं लिहिलं, ‘मी’. त्यानंतर खालपर्यंत मी, मी, मी. बावीस वेळा.

“मला वाटलं होतं आईंचंच नाव जास्त येईल,” ती म्हणाली आणि रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, बोलले काहीच नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारावर माझी श्रद्धा आहे. प्रसंगापेक्षा आपले ‘पाहिजेच’ आपल्याला जास्त छळतात, असं तो विचार सांगतो. पण यादीपुढे नावं लिहून घेण्याची ही युक्ती कुठल्या पुस्तकातली नाही, त्या दिवशी मलाच सुचली, आणि तेव्हापासून मी ती अनेकींना दिली आहे. ‘काही झालं तर?’ या प्रश्नाला एक न उच्चारलेलं शेपूट असतं: ‘तर मी स्वतःला काय तोंड दाखवू?’ त्यावर 108 चा उपयोग नसतो.

मग यादी दोघांत वाटली. बाळाची पिशवी नवऱ्यानं भरायची, तिनं तपासायची नाही. हे तिला घाटापेक्षा अवघड गेलं. बाकी मी प्रत्येक जोडप्याला सांगते तेच: लहान मुलांची सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. मांडीवर घेऊन बसणं म्हणजे माया नव्हे, धोका आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेलं तर 1000 रुपये दंडही आहे. पट्ट्याखाली जाड स्वेटर नको, पट्टा सैल राहतो. दुपटं वरून घाला. दीड-दोन तासांनी थांबून बाळाला सीटमधून बाहेर काढा. रडलं तर गाडी थांबवा, चालत्या गाडीत पाजू नका. ताप असेल तर सहल रद्द, त्यावर चर्चा नको. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मी सापुताऱ्याचं नावही काढू देत नाही.

ती जाऊन आली. वघईच्या पुढे मुलगी अर्धा तास रडली. बांबूच्या टोपल्या विकणाऱ्या एका बाईच्या झोपडीपाशी त्यांनी गाडी थांबवली. नवरा पिशवीत पुरेसे डायपर ठेवायला विसरला होता, दोनच निघाले. तिनं जुनी ओढणी फाडून लंगोट केले. “मला रागही आला नाही, ताई,” असं म्हणाली. खरं तर थोडा आला असणार.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न तोच केला, “काही झालं का गं?” ही म्हणाली, “झालं ना, रडली, आम्ही थांबलो.” सासूबाई जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “सापुताऱ्याहून वणी जवळ आहे ना? सप्तशृंगीला जायचं राहिलंय माझं. पुढच्या वेळी मलाही न्या.”

त्या सहलीची यादी कोणी करायची, यावर सध्या घरात बोलणी चालू आहेत. येत्या मंगळवारी दोघी मिळून माझ्याकडे येणार आहेत.