लातूरमधल्या छोट्या टीमने ऑटोमॅटिक डिप्लॉयमेंट कसं बसवावं?

लातुरात चार जणांची टीम, मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी पट्टीचं (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचं) सॉफ्टवेअर, कोड गिटहबवर, पण सर्व्हरवर फाइली अजून हातानेच चढवता, असं तुम्ही लिहिलंय. मी नांदेडमध्ये हेच काम करतो, म्हणून ठामपणे सांगतो: जुन्या व्हर्जनवर परत कसं यायचं ते आधी ठरवा, बाकीची पाइपलाइन (कोड सर्व्हरपर्यंत नेणाऱ्या आपोआप पायऱ्या) त्याच्याभोवती उभी करा.

जेनकिन्स (स्वतः चालवायचा ऑटोमेशन सर्व्हर) नको, तो सांभाळायलाच एक माणूस अडकेल. गिटहबची स्वतःची ऑटोमेशन सोय, गिटहब अॅक्शन्स, पुरे. फ्री प्लॅनवर खासगी रेपोंसाठी (कोडच्या साठ्यांसाठी) मिळून महिन्याला २००० मिनिटं मिळतात. कोड मेन ब्रँचला (मुख्य शाखेत) मर्ज झाला की टेस्ट चालाव्यात. पहिली टेस्ट हीच लिहा की हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याची पट्टी पैशाला पैसा बरोबर निघते. पास झाली तरच डॉकर इमेज (अॅप चालायला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) बनून ईसीआरमध्ये (अॅमेझॉनच्या क्लाउडचं, म्हणजे एडब्ल्यूएसचं, इमेजचं कोठार) जाईल. तिला 'लेटेस्ट' टॅग देऊ नका, कमिटचा हॅश (त्या कोडबदलाचा ओळखक्रमांक) द्या.

प्रॉडक्शनसाठी (खऱ्या वापराच्या सर्व्हरसाठी) 'वर्कफ्लो डिस्पॅच'चा, म्हणजे हाताने सुरू करायचा, वेगळा वर्कफ्लो करा. त्यात हॅश टाकायचा, बटण दाबायचं, ती इमेज ईसीएसवर (एडब्ल्यूएसची इमेज चालवणारी सेवा) जाते. जुना हॅश टाकला की तोच तुमचा रोलबॅक, वेगळं काही लिहावं लागत नाही. ईसीएसचा सर्किट ब्रेकर रोलबॅकसह चालू ठेवा, म्हणजे नवे टास्क (चालू इमेजच्या प्रती) उभेच राहिले नाहीत तर ते आपणहून मागच्या चालू व्हर्जनवर जातं. हिशोब चुकला तर मात्र त्याला कळत नाही, म्हणून ती टेस्ट.

खरी मेख डेटाबेसमध्ये आहे. इमेज मागे जाते, टेबल जात नाही. कॉलमचं नाव बदलायचं तर आधी नवा कॉलम जोडा, काही दिवस दोन्हींत लिहा, जुना डेटा भरून घ्या, आणि जुना कॉलम त्यानंतरच्या एखाद्या रिलीजमध्ये काढा. एवढं पाळलं नाही तर वरचं सगळं फुकट आहे.

एडब्ल्यूएसच्या किल्ल्या गिटहबमध्ये साठवू नका. ओआयडीसीने (किल्लीऐवजी ओळख पटवायची पद्धत) तात्पुरती परवानगी मिळते. आयएएम रोलच्या (एडब्ल्यूएसमधल्या परवानग्यांच्या संचाच्या) ट्रस्ट पॉलिसीत, म्हणजे तो कोणी वापरायचा त्या नियमांत, तुमचा रेपो आणि मेन ब्रँच यांचीच नावं घाला.

रिजन (एडब्ल्यूएसच्या डेटा सेंटरांचं ठिकाण) मुंबई की हैदराबाद? लातूरला हैदराबाद जवळ, पण डेटाबेस जिथे आहे तिथेच सगळं ठेवा.

सोयाबीनच्या हंगामात सौदे चालू असताना बटण दाबू नका. त्याआधी स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) मुद्दाम मोडकी इमेज सोडून टीममधल्या प्रत्येकाकडून एकदा तरी रोलबॅक करून घ्या.