डीओच्या मुलाखतीआधी आजीला एक फोन

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी इथेच जन्मली, वाढली. बायॉलॉजीची पदवी झाली आणि गेलं वर्षभर ती एका क्लिनिकमध्ये स्क्राइब म्हणून, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घ्यायचं, काम करते. तिने एमडी आणि डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन), दोन्ही प्रकारच्या मेडिकल कॉलेजांना अर्ज केले. एमडीकडून अजून काही आलेलं नाही. एका ऑस्टिओपॅथिक कॉलेजची मुलाखत मात्र तीन आठवड्यांवर आली आहे. तिचे बाबा म्हणतात, ‘एक वर्ष थांब, एमडीचंच बघू.’ साताऱ्याहून सासूबाई फोनवर विचारतात, ‘पोर हाडवैद्य होणार का गं?’ ओळखीच्यांना काय सांगायचं ते मलाही कळत नाही. तिची तयारी कशी करून घ्यावी? – एक आई

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तयारीचा प्रश्न शेवटच्या एका ओळीत आहे, बाकी सगळं पत्र लोक काय म्हणतात याबद्दल आहे. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. घरात जे बोललं जातं ते मुलांबरोबर मुलाखतीला जातं, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

मागच्या वर्षी एका मुलाची सरावाची मुलाखत झूमवर घेत होते. हुशार मुलगा. पहिले तीन-चार प्रश्न छान गेले. मग मी विचारलं, ‘डीओच का?’ त्याची नजर पडद्यावरून सुटली आणि उजवीकडे वळली. तिकडे पलीकडच्या खोलीत वडील बसले होते, हे मला नंतर कळलं. आवाज बारीक झाला आणि दोन मिनिटांत ‘होलिस्टिक’ हा शब्द पाच वेळा आला. त्याला उत्तर सुचत नव्हतं असं नाही, वडिलांच्या कानावर ते पडेल याचा त्याला संकोच वाटत होता. ऑस्टिओपॅथिक कॉलेजातली मंडळी हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारत आली आहेत. असा संकोच त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

तेव्हा आधी तिच्या बाबांसाठी थोडं. आपल्याकडे एमडी म्हणजे एमबीबीएसनंतरची पदवी, त्यामुळे ‘एमडी नाही’ हे ऐकलं की काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. अमेरिकेत एमडी आणि डीओ या दोन्ही डॉक्टरकीच्या पहिल्याच पदव्या आहेत. दोन्हीकडे चार वर्षांचं कॉलेज आणि पुढे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं एखाद्या शाखेचं प्रशिक्षण. डीओच्या कॉलेजात शिवाय हाडं-स्नायूंवर हातांनी करायचे उपचार शिकवतात. डीओला पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना मिळतो. तो औषधं लिहून देतो, शस्त्रक्रिया करतो, आयसीयू सांभाळतो. 2020 पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यताही एकाच व्यवस्थेखाली आली आहे. आज अमेरिकेत डॉक्टरकी शिकणाऱ्या साधारण दर चार विद्यार्थ्यांमागे एक डीओच्या कॉलेजात असतो. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले व्हाइट हाउसचे डॉक्टर शॉन कॉनली आणि बायडन यांचे डॉक्टर केव्हिन ओ’कॉनर, दोघंही डीओ. गूगलवर शोधताना एक घोळ होतो, तोही सांगून ठेवते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातला ‘ऑस्टिओपॅथ’ फक्त हातांनी उपचार करतो, तो डॉक्टर नसतो. शब्द तोच असला तरी व्यवसाय वेगळा आहे.

बाबांच्या काळजीत एक गोष्ट खरी आहे आणि ती मी झाकणार नाही. न्यूरोसर्जरी, प्लॅस्टिक सर्जरी, त्वचारोग अशा अतिशय चुरशीच्या शाखांत डीओंना रेसिडेन्सी मिळवणं अजूनही जास्त अवघड जातं. कॉमलेक्स ही डीओंची परीक्षा तर द्यावीच लागते. अशा शाखांकडे जायचं असेल तर बरेच जण एमडीची यूएसएमएलईही देतात, म्हणजे मेहनत दुप्पट. तुमच्या लेकीला यातलंच काही करायचं असेल तर घरात शांतपणे बोला. पण तो निर्णय जागा हातात आल्यावर घ्यायचा आहे. मुलाखतच सोडून वर्षभर थांबणं मला मुळीच पटत नाही. ही कॉलेजं मुलाखती चालू असतानाच जागा देत जातात, त्यामुळे लवकर आलेलं बोलावणं मोलाचं असतं.

आता सासूबाई. त्यांचा शब्द तुम्हाला लागला असेल, पण तो इतिहासाच्या फार जवळचा आहे. ऑस्टिओपॅथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल एकेकाळी स्वतःची जाहिरातच ‘विजेच्या वेगाचा हाडवैद्य’ अशी करत. मुळात ते अमेरिकेच्या नव्याने वसणाऱ्या मुलखातले साधे डॉक्टर. 1864 मध्ये मेंदूज्वराने त्यांची तीन मुलं गेली. घरात डॉक्टर होते, औषधं होती, आणि काही उपयोग झाला नाही. त्या काळची औषधं म्हणजे पाऱ्याचं कॅलोमेल, अफू, रक्त काढणं. त्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला. 1874 मध्ये त्यांनी औषधांऐवजी हातांच्या उपचारांवर भर देणारा आपला वेगळा विचार जाहीर केला आणि 1892 मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. त्या पहिल्या वर्गात बायकाही होत्या. पुढे या डॉक्टरांना फार झगडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने त्यांना डॉक्टर म्हणून घेतलं नाही, ती दारं 1966 मध्ये उघडली. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात तर सुमारे दोन हजार डीओंना 65 डॉलर भरून एमडी पदवी घ्यायची मुभा दिली गेली आणि तिथलं त्यांचं कॉलेजच एमडीचं झालं. हे सगळं मुलाखतीत म्हणून दाखवायचं नाही. पण आपण कुठल्या घरात पाऊल टाकतो आहोत हे लेकीला माहीत असलं की तिच्या बोलण्यात आपोआप आदर येईल.

यापुढचं तिच्यासाठी आहे. तिला मराठी वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा.

बाळा, ‘डीओच का’ याचं उत्तर पाठ करू नकोस. तीन आठवडे हातात आहेत. त्यात निदान दोन अर्धे दिवस एखाद्या डीओसोबत उभी राहा, आणि शक्यतो हातांचे उपचार करणाऱ्या डीओसोबत. कारण बरेच डीओ पुढे प्रॅक्टिसमध्ये ते फारसे करत नाहीत. तू काम करतेस त्या क्लिनिकमध्ये विचार, न्यू जर्सीत डीओ शोधायला लांब जावं लागत नाही. तिथे वहीत तत्त्वं लिहू नकोस. डॉक्टरांचे हात बघ.

मी स्वतः एकदा पाहिलेलं सांगते. मान अवघडलेल्या एका बाई. डॉक्टरांनी त्यांना निजवलं, उशाशी बसले आणि डोकं दोन्ही तळहातांवर घेतलं. हळूच एका बाजूला वळवत नेलं आणि जिथे अडलं तिथे थांबले. मग म्हणाले, ‘आता माझ्या हातावर उलट्या बाजूला दाबा, अगदी हलकं.’ चार-पाच सेकंद. ‘सोडा.’ थोडं थांबले आणि मान अजून बोटभर पुढे नेली. असं तीन-चार वेळा. याला मसल एनर्जी तंत्र म्हणतात. यात जोर रुग्ण लावतो, डॉक्टर फक्त धरून असतो. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. हे सगळं चालू असताना बाईंनी आपणहून सांगितलं की महिनाभर त्या आजारी नवऱ्याजवळ खुर्चीतच झोपत होत्या. फॉर्मवर ते कुठेच नव्हतं. तू असं काही डोळ्यांनी पाहिलंस आणि त्यातलं तुला काय भिडलं ते सांगितलंस, तर ‘होलिस्टिक’ हा शब्द एकदाही वापरावा लागणार नाही.

‘एमडीलाही अर्ज केला आहे का?’ असं विचारलं तर सरळ ‘हो’ म्हण. बहुतेकांनी केलेला असतो आणि त्यांना ते ठाऊक असतं. त्यानंतर या कॉलेजात तुला काय मिळेल ते बोल. ‘एमडी फक्त रोग बघतात, डीओ माणूस बघतात’ हे वाक्य चुकूनही तोंडी येऊ देऊ नकोस. ते खरं नाही, आणि समोरच्या मुलाखतकारांत एखादा एमडी असू शकतो.

कोणी पुराव्याबद्दलही विचारेल. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 1999 साली कंबरदुखीवरचा एक अभ्यास आला होता. हातांचे उपचार घेतलेले आणि नेहमीचे उपचार घेतलेले रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले, पण हातांच्या उपचारवाल्यांना औषधं कमी लागली. कवटीच्या हाडांवर करायच्या क्रॅनियल तंत्राचा पुरावा मात्र कच्चा आहे. दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगता आल्या पाहिजेत. काही प्रश्न खुले आहेत आणि ते शिकताना मी विचारणार आहे, असं म्हणणारी मुलगी मला तरी भक्तिभावाने बोलणाऱ्या मुलीपेक्षा जास्त पटते.

मुलाखत कुठल्या पद्धतीची आहे ते कॉलेजच्या पत्रात बघ. एक-दोन जणांशी नेहमीसारख्या गप्पा असतील, किंवा एमएमआय असेल. एमएमआय म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, एकामागून एक छोट्या मुलाखती, ही कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सुरू झालेली पद्धत. दाराबाहेर एक प्रसंग लिहिलेला असतो, तो वाचून विचार करायला साधारण दोन मिनिटं मिळतात. मग आत जाऊन सहा-आठ मिनिटं बोलायचं आणि पुढच्या दाराकडे जायचं. आपल्या मुलांना हमखास अडकवणारा एक प्रसंग सांगते. वयस्कर रुग्णाला कॅन्सर आहे आणि मुलगा डॉक्टरांना गाठून म्हणतो, ‘वडिलांना सांगू नका, ते खचतील.’

इथे मुलं दोन टोकांना जातात. कोणी पुस्तकातलं ‘रुग्णाचा अधिकार’ म्हणत मुलाला झटकून टाकतं. कोणी आपल्या घरात असंच झालं होतं हे आठवून गप्प होतं. तुझ्याही घरी झालं असेल. आपल्याकडे कित्येक आजोबांना शेवटपर्यंत ‘पोटात गाठ आहे, निघेल’ एवढंच सांगितलेलं असतं. ते आठवलं तर सांग. त्यामागे माया असते हे तुला आतून कळतं, हे तुझं बळ आहे. मग एकेक पायरी बोल. आधी मुलाला बसवून त्याला नेमकी कशाची भीती वाटते ते विचारीन. मग वडिलांना एकट्याला विचारीन, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे? की ती मी मुलाला द्यावी?’ त्यांना ऐकायचं असेल तर मी लपवणार नाही. त्यांनीच ते मुलावर सोपवलं, तर तोही त्यांचाच निर्णय. असं उत्तर देताना घाई करू नकोस. मध्ये एखादा क्षण शांतता झाली तरी चालते, समोरची माणसं तुझं विचार करणंच बघायला बसलेली असतात.

कपडे, कॅमेरा, प्रकाश यांवर मी वेळ घालवत नाही, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मुलाखत ऑनलाइन असेल तर फक्त त्या तासाभरात आईला कुकर लावू देऊ नकोस.

शेवटी तुला काही विचारायचं आहे का, असं म्हणतील. तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाबद्दल नक्की विचार. बऱ्याच ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. विद्यार्थी क्लिनिकल रोटेशनसाठी, म्हणजे एकेका विभागात प्रत्यक्ष रुग्णांमध्ये शिकायला, लांबलांबच्या हॉस्पिटलांत जातात, कधी दुसऱ्या राज्यातही. कुठे पाठवतात, ते कोण ठरवतं, राहायची सोय काय, कॉमलेक्सला किती मुलं पहिल्या फटक्यात पास होतात, रेसिडेन्सी कुठे मिळते, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. या उत्तरांवर तुझी चार वर्षं अवलंबून आहेत. ताई, जागा मिळाल्याचं पत्र आलं तर त्यातली अनामत रकमेची अट तुम्ही नीट वाचा. बहुतेक ठिकाणी ती रक्कम परत मिळत नाही.

आणि ताई, एक काम या रविवारी करा. सकाळी साताऱ्याला फोन लावा, तिकडे संध्याकाळ झालेली असेल, सासूबाई निवांत असतील. फोन लेकीच्या हातात द्या आणि आपण काय शिकणार आहोत ते तिला आजीला सांगू द्या. ‘होलिस्टिक’, ‘मायोफेशियल’ हे शब्द तिथे उपयोगाचे नाहीत. डॉक्टर होणार, गोळ्या देणार, ऑपरेशनं करणार, आणि शिवाय हातांनी तपासायला, बरं करायला शिकणार, असं तिला मोडक्यातोडक्या मराठीत जुळवावं लागेल. आजी मध्येच अडवतील, ‘म्हणजे आपल्याकडचे हाड बसवणारे तसं?’ तेव्हा तिला फरक सांगावा लागेल, तोही आजीचा मान राखून. तुम्ही मध्ये पडू नका, तिच्या बाबांनाही पडू देऊ नका. नुसते जवळ बसा. फोन ठेवल्यावर आजीला काय कळलं ते तिच्याकडून लिहून घ्या आणि मला पाठवा. तिच्या मुलाखतीचा सराव आपण तिथून पुढे सुरू करू.