वाचक विचारतात : आफ्रिकन रानकुत्र्यांचा कळप

प्रश्न : आफ्रिकन रानकुत्र्यांच्या कळपात बहुधा एकच जोडी पिल्लं घालते. मग बाकीचे कुत्रे परक्या पिल्लांसाठी का राबतात?

उत्तर : ती परकी नसतातच. एका कळपातून बाहेर पडलेल्या बहिणी आणि दुसऱ्या कळपातून आलेले भाऊ भेटले की नवा कळप उभा राहतो. त्यामुळे राबणारे हे पिल्लांच्या मावश्या, काका किंवा थोरली भावंडं असतात.

मादी सुमारे ७० दिवसांनी विते. एका वेताला साधारण दहा पिल्लं, कधी त्याहूनही जास्त. बीळ बहुतेक वेळा आर्डवार्कने, म्हणजे वाळवी खाणाऱ्या आणि बिळं खणणाऱ्या प्राण्याने, सोडलेलं. पहिले काही आठवडे आई तिथून फारशी हलत नाही. शिकारी परतले की पिल्लं चिवचिवत त्यांचे ओठ चाटू लागतात. मोठा कुत्रा मान खाली घालतो आणि पोटातलं मांस त्यांच्यापुढे ओकतो. आईला आणि राखणीला थांबलेल्यालाही असंच अन्न मिळतं. साधारण तीन महिन्यांनी पिल्लं बीळ सोडतात आणि मग शिकारीवर पहिला हक्क त्यांचा. मोठे भुकेले असले तरी बाजूला थांबतात.

कळपात चारच मोठे उरले की हे सगळं कोलमडतं. एकाला राखणीला ठेवलं तर मांस कमी पडतं, न ठेवलं तर तरस आणि सिंह पिल्लांवर टपलेलेच असतात. म्हणून एखाद्या प्रदेशात कुत्रे किती, यापेक्षा चांगले भरलेले कळप किती, हे आधी विचारावं.

प्रश्न : शिंकून मतदान करतात म्हणे?

उत्तर : ‘मतदान’ हा शब्द आपला; निरीक्षण मात्र खरं आहे. बोत्स्वानातल्या कळपांवरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निघण्याआधी कुत्रे एकमेकांना हुंगत जमतात, त्या वेळी जितक्या शिंका जास्त, तितका कळप निघण्याचा संभव जास्त. सुरुवात प्रमुख जोडीतल्या कुणी केली तर तीनेक शिंका पुरत. खालच्या दर्जाच्या कुत्र्याने केली तर दहाएक लागत.

प्रश्न : रोगाने कळपच्या कळप जातात, तर सगळ्या रानकुत्र्यांना लस का टोचत नाहीत?

उत्तर : जी जवळीक पिल्लांना जगवते, तीच रोगही पसरवते. तोंड चाटणं, ओकलेलं खाणं, ढीग करून झोपणं, यामुळे एकाचा रेबीज किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांना होणारा जीवघेणा विषाणूरोग) लगेच सगळ्यांचा होतो. केनियातल्या लायकिपियात २०१७ साली डिस्टेंपरने कळपच्या कळप संपवले.

लशीच्या अडचणीही खऱ्या आहेत. रेबीजचा एकच डोस भरवशाचा ठरत नाही, आणि शेकडो चौरस किलोमीटर फिरणारा तोच कुत्रा दुसऱ्या डोससाठी पुन्हा गाठणं फार कठीण. डिस्टेंपरच्या जिवंत, सौम्य केलेल्या लशीने तर पिंजऱ्यातल्या काही रानकुत्र्यांना तोच रोग झाला आहे. म्हणून आधी भोवतालच्या गावांतली पाळीव कुत्री टोचावीत. रेबीज रोखायला त्यांतली निदान ७० टक्के टोचलेली हवीत, आणि मोहीम दर वर्षी हवी. कारण गावकुत्र्यांचं आयुष्य थोडं, पिल्लं भराभर. वर्षभरात टोचलेल्यांचं प्रमाण पुन्हा खाली येतं.

प्रश्न : प्राणिसंग्रहालयात वाढलेले रानकुत्रे जंगलात सोडता येतील का?

उत्तर : एकटे नाही. त्यांना शिकार येत नाही, सिंहाची भीती ठाऊक नसते. नामिबियातल्या एतोशा राष्ट्रीय उद्यानात असे प्रयोग फसले. दक्षिण आफ्रिकेतल्या मादिक्वे अभयारण्यात १९९० च्या दशकात तीन जंगली नर आणि पिंजऱ्यात वाढलेल्या तीन माद्या एकत्र सोडल्या, तेव्हा जमलं. शिकार येणारे सोबत होते.

सोडण्याआधी कळप ‘जुळवावा’ लागतो. भावांचा गट आणि बहिणींचा गट बोमात, म्हणजे विजेच्या कुंपणाच्या आवारात, आधी जाळीच्या दोन बाजूंना ठेवतात. मग बेशुद्ध करून त्यांची अंगं एकमेकांवर घासतात आणि शेजारी-शेजारी निजवतात, म्हणजे जागे होताना सगळ्यांना एकच वास येतो. यानंतरही कित्येक आठवडे घाई करायची नाही. नातं जुळण्याआधी दार उघडलं, तर दोन्ही गट दोन दिशांना जातात. अभयारण्याच्या कुंपणाचा तळही रोज पाहावा लागतो. वॉर्टहॉगने (आफ्रिकेतल्या रानडुकराने) तिथे उकरलेल्या खड्ड्यातून एक कुत्रा निसटला की बाकीचे त्याच्यामागे जातात, आणि बाहेर हरणांसाठी लावलेले तारेचे फास असतात.