लेझर मार्किंग, ठिसूळ प्लॅस्टिक आणि न सापडलेला कार्बोनिल

पीथमपूरच्या कारखान्यात काळ्या पॉलीप्रोपिलीनच्या भागांवर फायबर लेझरने क्रमांक टाकल्यावर ती जागा ठिसूळ होते, परंतु इंदूरच्या प्रयोगशाळेने दिलेल्या अवरक्त वर्णपटात (पदार्थात कोणते रासायनिक बंध आहेत हे दाखवणाऱ्या आलेखात) 1720 सेमी⁻¹ जवळ कार्बोनिलचा, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा, पट्टा नाही. मग प्लॅस्टिक बिघडलेच नाही असे मानावे का, असे आपण विचारले आहे. तसे मानू नये.

कार्बोनिल हा ऑक्सिजनच्या कामाचा पुरावा आहे, निव्वळ उष्णतेचा नव्हे. ओव्हनमध्ये आठवडाभर ठेवलेल्या नमुन्यात हवा सावकाश झिरपते, म्हणून तिथे कार्बोनिल वाढत जातो. इथे मात्र 1064 नॅनोमीटरचा प्रकाश पॉलीप्रोपिलीन स्वतः जवळजवळ शोषतच नाही. तो प्रकाश कार्बन ब्लॅकचे (काळ्या रंगासाठी मिसळलेल्या काजळीचे) कण शोषतात आणि त्यांच्याभोवतीचा पॉलिमर इतक्या झटपट तापतो की पुरेसा ऑक्सिजन पोहोचण्याआधीच त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. तुटलेल्या टोकांशी कार्बन-कार्बन दुहेरी बंध उरतात. त्यांच्या खुणा 1650 आणि 888 सेमी⁻¹ जवळ शोधाव्यात. अर्थात 888 ला खेटूनच पॉलीप्रोपिलीनचा स्वतःचा 899 चा पट्टा असतो, त्यामुळे मार्किंग नसलेल्या भागाचा वर्णपट वजा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

माझा खरा संशय मोजणीवरच आहे. एटीआरचा (नमुना स्फटिकावर दाबून अवरक्त वर्णपट घेण्याच्या पद्धतीचा) हिरा साधारण दीड-दोन मिलिमीटरचा, तर आपली रेघ मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी आणि तीही खोलगट. म्हणजे हिरा दोन्ही काठांवर टेकतो आणि वर्णपट मुख्यतः धडक्या प्लॅस्टिकचा येतो. लेझरच्या त्याच सेटिंगवर एक सेंटिमीटरचा चौकोन पूर्ण भरून घ्यावा. कार्बन ब्लॅकमुळे आधाररेषा तिरकी होत असेल तर जर्मेनियमचा स्फटिक वापरावा. तो ठिसूळ असतो, दाब बेताने द्यावा.

हाच आडाखा इतर प्लॅस्टिकांना लावू नये. ॲक्रिलिक तापले की बहुतांशी मोनोमर (साखळीचे सुटे घटक) होऊन उडून जाते, म्हणून उरलेला पृष्ठभाग वर्णपटात नव्यासारखा दिसतो. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, जो फुप्फुसांना आणि यंत्रालाही घातक आहे; त्यावर लेझर चालवूच नये.

शेवटी, एक चौकोन हवेत आणि दुसरा नायट्रोजनच्या झोताखाली करून पाहावा. दुहेरी बंध दोन्हींत आणि कार्बोनिल फक्त पहिल्यात आढळला, तर उष्णतेचे काम कोणते आणि हवेचे कोणते, हे वेगळे करता येईल.