रडण्यावरून धोका ठरतो का?

प्रश्न : मी मिरज तालुक्यातील एका गावची निवृत्त मुख्याध्यापिका आहे. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला आमच्या गावचा एक जण कळंबा कारागृहातून लवकरच सुटेल. भेटीला गेलेल्या भावाजवळ तो ओक्साबोक्शी रडला, म्हणजे तो सुधारला, असे घरचे म्हणतात. भाऊ त्याला सांगलीच्या हळद बाजारात हमालीला लावणार आहे. पालक मात्र धास्तावले आहेत. अशा माणसाचा धोका कशावरून ठरवतात?

उत्तर : बाई, पालकांची धास्ती रास्त आहे आणि भावाची माया खरी आहे, पण रडण्यावरून धोका ठरत नाही. हॅन्सन आणि ब्युसिएर या संशोधकांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा गुन्हा कबूल न करणे आणि पुन्हा लैंगिक गुन्हा करणे यांत ठोस संबंध आढळला नाही. विकृत लैंगिक ओढ आणि पूर्वीचे लैंगिक गुन्हे यांचा संबंध मात्र ठळक होता. त्यांच्या नोंदींत चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे सुमारे १३.४ टक्के होते, तर कोणताही नवा गुन्हा करणारे ३६.३ टक्के. म्हणूनच तपासणारा तज्ज्ञ केवळ लैंगिक वर्तन पाहत नाही. मारामारी, चोरी, दारू, संगत, रिकामपण हे सारे तो विचारतो.

पुन्हा गुन्हा होण्याचा धोका मोजणाऱ्या 'स्टॅटिक-९९' या पद्धतीत दहा बाबी असतात: सुटकेच्या वेळचे वय, आधीच्या शिक्षा, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, इत्यादी. ती कॅनडा आणि ब्रिटनमधील पुरुष गुन्हेगारांच्या नोंदींवर बेतलेली असल्याने तिचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय या बाबी बहुतांशी भूतकाळातल्या, म्हणजे उपचाराने न बदलणाऱ्या. उपचार कशावर करायचे, ते बदलू शकणाऱ्या गोष्टींवरून ठरते: रागावरचा ताबा, एकाकीपणा, मुलांविषयीचे विचार, व्यसन. ज्याचा धोका जास्त त्याला सखोल उपचार द्यावेत. कमी धोक्याच्या माणसाला अट्टल गुन्हेगारांच्या गटात बसवल्याने उलट अपाय होऊ शकतो.

हमालीचे काम मला आश्वासक वाटते, पण सायंकाळी पाचनंतर तो कुठे आणि कोणाबरोबर असतो, हे भावाने रोज पाहावे. दारू पुन्हा सुरू झाली, कामाला दांड्या पडू लागल्या किंवा शाळेच्या फाटकाजवळ रेंगाळणे दिसले, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. मुलांची जबाबदारी त्याच्याकडे कोणत्याही निमित्ताने देऊ नये. मुलावर अत्याचार झाल्याचा संशय आला, तर पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवरही फोन करता येतो. आणि पीडितेचे नाव गावातल्या चर्चेत कोणी उच्चारणार नाही, हे आपण स्वतः पाहावे.