मोहरी दाट पेरली तर उतारा वाढतो का?

तुमचा प्रश्न असा: राहायला डोंबिवलीत, वर्ध्याकडे थोडी ओलिताची जमीन, यंदा रब्बीला मोहरी घ्यायची आहे. कॅनडातल्या शेतांचे व्हिडिओ पाहिले, तिकडे पीक खूप दाट दिसतं. मग एकरी दोन किलोऐवजी चार किलो बी टाकलं तर उतारा दुप्पट येईल का?

नाही येणार. उलट घटण्याचीच भीती जास्त.

मी मुंबईत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. हिवाळ्यात गच्चीवर मुलांकडून मोहरीचे दोन क्रेट लावून घेते, एकात मोजकी रोपं, दुसऱ्यात खच्चून भरलेली. शेंगा भरल्या की दोन्हींतलं एकेक रोप उपटून शेजारी ठेवायचं. दाट क्रेटमधलं खोड उदबत्तीच्या काडीहून थोडंसंच जाड, फांदी जवळजवळ नाही, शेंड्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शेंगा. विरळ क्रेटमधल्या रोपाला मात्र अगदी खालच्या पानाच्या बगलेतूनही फांदी फुटलेली, त्या फांदीला उपफांदी, आणि सगळ्यांवर शेंगा. पण दोन्ही क्रेटमधली सगळी रोपं कापून, वाळवून तराजूवर ठेवली तर वजनात फार तफावत निघत नाही. ताटात वाढलेलं तेवढंच, जेवणारे कमी-जास्त. जपानी शास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात हे अनेक पिकांत दाखवून दिलं: ठरावीक दाटीनंतर रोपं वाढवत गेलं तरी जमिनीच्या तुकड्यावरचं एकूण वजन तेवढंच राहतं. दाण्याचं त्याहून वाईट. फार दाटीत तो कमीच होतो, कारण रोपाची ताकद खोड उंचावण्यात जाते.

खोड उंचावतं ते सावली पडल्यावरच असं नाही. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि त्यापलीकडचा अतिलाल प्रकाश परत फेकतं. शेजाऱ्याकडून आलेला हा अतिलाल प्रकाश रोपातल्या फायटोक्रोम नावाच्या प्रथिनाला कळतो, आणि प्रत्यक्ष सावली पडायच्या आधीच रोप उंच व्हायला लागतं, फांद्या दाबून टाकतं. अशी बारीक, उंच खोडं शेंगांच्या वजनाने आणि वाऱ्याने लोळतात. आत हवा खेळत नाही, ओल टिकते, मग पांढरा तांबेरा, करपा, खोडकूज या रोगांना आयतं रान मिळतं.

उतारा म्हणजे रोपांची संख्या, गुणिले रोपामागे शेंगा, गुणिले शेंगेतले दाणे, गुणिले दाण्याचं वजन. यातल्या शेंगा सगळ्यात लवचीक. दाण्याचं वजन फारसं हलत नाही, तेलाचं प्रमाणही सहसा नाही. म्हणून मी रोपांपेक्षा चौरस मीटरमागे उजेड मिळालेल्या शेंगा किती, हे पाहते. मोहरी फुलावर आली की वरचा पिवळा थरच बराच उजेड अडवतो आणि परतवतो. पुढे पानं गळतात आणि हिरव्या शेंगा स्वतःच अन्न तयार करू लागतात. त्या एकमेकींच्या सावलीत असतील तर खालच्या पोचट राहतात.

आता कॅनडा. तिथलं कॅनोला आपल्या राई-मोहरीचं भावंड, बहुतेक ब्रासिका नेपस जातीचं. पेरणी मे महिन्यात, हंगाम छोटा, फांद्या फोडायला वेळ नाही आणि बरंच बी उगवतच नाही. म्हणून चौरस मीटरला 50 ते 80 रोपं राहतील असा हिशोब धरतात. ब्रिटनमध्ये तेच पीक ऑगस्ट-सप्टेंबरला पेरून पुढच्या उन्हाळ्यात काढतात. रोपाला भरपूर वेळ मिळतो, तिथे वसंतात 25 ते 40 रोपं पुरतात. पीक एकच, आकडे वेगळे, कारण हंगाम वेगळा.

तुमच्या शेताचा हिशोब मांडू. मोहरीच्या हजार दाण्यांचं वजन साधारण 4-5 ग्रॅम धरा. दोन किलोत चार-पाच लाख बिया झाल्या. एकर म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे शंभराच्या वर बिया. 45 बाय 15 सेंटिमीटरवर, म्हणजे दोन ओळींत 45 आणि ओळीतल्या दोन रोपांत 15 अंतर ठेवून, चौरस मीटरला लागतात 15 रोपं, 30 बाय 10 वर 33. दोन किलोतच गरजेच्या कितीतरी पट बी पडतंय! बारीक दाण्याच्या वाणात तर आणखी जास्त. चार किलोचं काय करणार?

वेळेवर, ऑक्टोबरच्या मध्यात पेरणी, पाणी आणि जमीन भारी असेल तर मी 45 बाय 15 धरीन. नोव्हेंबर उजाडला तर फांद्यांना वेळ कमी, तेव्हा 30 बाय 10. विहिरीने दगा दिला आणि पीक नुसत्या ओलीवर आलं, तर दाटी मुळीच नको, दाणा भरायच्या आतच सगळी ओल संपते. आणि फार विरळही ठेवू नका. रिकाम्या जागी तण माजतं, फुलोरा लांबतो, पहिल्या शेंगा फुटायला लागतात तेव्हा शेवटच्या हिरव्याच असतात.

वाणासाठी लांब जायला नको. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं टीपीएम-1 हे पिवळ्या दाण्याचं वाण महाराष्ट्रासाठीच प्रसारित झालेलं आहे, भुरी रोगाला बऱ्यापैकी टिकतं. यंदा बी मिळतंय का, ते जवळच्या कृषी विद्यापीठात विचारा.

माझ्या मते आकड्याहून मोठी गोष्ट म्हणजे सारखेपणा. सरासरी बरोबर, पण एका जागी गुच्छ आणि पुढे हातभर मोकळं, असं शेत दोन्हीकडून मार खातं. म्हणून फोकून, म्हणजे हाताने विखरून, पेरू नका. पाभरीने, म्हणजे ओळीत बी सोडणाऱ्या अवजाराने, पेरा, बी बारीक असल्याने त्यात चाळलेली वाळू किंवा शेणखत मिसळा, दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका. पंधरा ते वीस दिवसांनी विरळणी करायचीच, उगवलेलं रोप उपटताना जीव तुटला तरी. 45 सेंटिमीटरच्या ओळीत मीटरभर दोरी धरा. सहा-सात रोपं राहिली की पुढची ओळ घ्या.