आजोबांची ब्रनो: भंगाराचं बोलण्याआधी नळीत बघा

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजोबांनी घेतलेली पॉइंट टू-टूची (.22) ब्रनो मॉडेल 2, म्हणजे झेक बनावटीची रायफल. लायसन आता वडिलांच्या नावावर आणि चालू, पण रायफल वीस वर्षं गंगाखेडच्या वाड्यात लोखंडी ट्रंकेत पडून. परवा वडिलांबरोबर नेमबाजीच्या क्लबावर नेली तर दहातली सात काडतुसं फुसकी निघाली. दस्त्यालाही तडा. ओळखीचा लेथवाला म्हणतो, काडतुसावर ठोका मारणारी पिन संध्याकाळपर्यंत करून देतो. वडील म्हणतात, देऊन टाका भंगारात, डोक्याला ताप नको. माझं विचाराल तर या दोघांचंही ऐकू नका.

लेथवाल्याचा हात कितीही चांगला असला तरी शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. तो नसताना त्यानं पिन केली तर तो अडकेल आणि त्याच्यामागं वडीलही. भंगाराचंही तसंच. कायद्याच्या व्याख्येत शस्त्र म्हणजे त्याचे सुटे भागही आले, म्हणजे नुसती नळी कापून किलोवर घातली तरी शस्त्रच विकलं. शिवाय लायसनवर नंबर तसाच राहणार. पुढच्या नूतनीकरणाला रायफल दाखवा म्हटलं की काय दाखवणार?

कलम 45 मध्ये एक सूट आहे आणि लोक ती अर्धीच वाचतात. जुन्या बनावटीचं किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्यातून सुटतं, पण ‘दुरुस्ती करून किंवा न करता’ ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. तुमची दहातली तीन वाजवते. ती या सुटीच्या जवळपासही नाही.

आता रोगाकडे येऊ. फुसकी गेलेली सात काडतुसं फेकली नसतील अशी आशा आहे. पॉइंट टू-टूचं काडतूस रिमफायर, म्हणजे कडेवर ठोका बसून पेटणारं. त्यात मधोमध वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला पितळी टोपणाच्या दुमडलेल्या कडेत असतो आणि फायरिंग पिन ती कड चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीच्या, काठावर चिमटते. त्यामुळं कडेवरचा घाव बघितला की निम्मं निदान होतं. घाव खोल, स्वच्छ आणि तरीही पेटलं नाही, तर काडतुसं जुनी आहेत, रायफलीला बोल लावू नका. घाव नुसता टेकल्यासारखा असेल तर पिनेला जोर नाही. आणि ठोका ठीक वाटूनही कड चिमटली जात नसेल, तर रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसायची खोड घरात कुणाला तरी होती. त्यानं चेंबरच्या काठाला खाच पडते, मग पिनेखाली कडेला आधारच राहत नाही. हे मिस्त्री नीट करू शकतो, मात्र कानस घेऊन नाही.

जोर नाही म्हणजे स्प्रिंग गेली असं लगेच धरू नका. माझ्याकडच्या बीएसए रायफलीची हीच तक्रार होती. चार जाणत्यांनी स्प्रिंग बदला म्हणून सांगितलं. परवाना असलेल्या मिस्त्रीनं माझ्यासमोर बोल्ट (मागचा सरकता दांडा, पिन याच्यातच असते) खोलला, तर आत पिनेभोवती पिवळट, चिकट, मेणासारखा थर. वडील दर दसऱ्याला पूजेआधी शिलाई मशीनचं तेल सोडायचे, वरून व्हॅसलीनचं बोट. तीस दसऱ्यांचा तो गाळ! मिस्त्रीनं बोल्ट रॉकेलात बुडवला, ब्रशानं घासला, कोरडा केला, तेलाचा एक थेंब दिला. पुढच्या खेपेला रेंजवर पन्नासातलं एकही काडतूस फुसकं गेलं नाही. तुमच्याकडेही दसरे झालेच असतील.

पिन, स्प्रिंग, दस्त्याचा तडा ही सगळी होण्यासारखी कामं. रायफल जगते किंवा मरते ती नळीवर. बोल्ट काढा, चेंबरपाशी पांढरा कागद धरा आणि उजेडाकडं तोंड करून दुसऱ्या टोकातून बघा. आटे, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, धारदार दिसले तर निम्मी लढाई जिंकलात. थोडे खड्डे असले तर नळीत शिसं लवकर बसेल, पुसायला जास्त लागेल, एवढंच. चेंबरातच खड्डे असतील तर मात्र टोपण अडकून बसतं. आणि नळीत कुठं अंगठीसारखी काळी सावली दिसली तर थांबा. एखादी गोळी मध्येच अडकली आणि मागून दुसरी सोडली की नळी आतून फुगते. घट्ट चिंधी सळईवर सरकवून बघा. सरकत असताना एका जागी हात एकदम मोकळा पडला तर तीच ती जागा. अशा नळीवर पैसा घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग आठवण कितीही असो.

बीएसएची नळी मी स्वतःच घालवली. निवडणुकीत हत्यारं ठाण्यात जमा करायची होती, मी ती जाड कॅनव्हासच्या कव्हरात घालून दिली. पावसाळ्याचे शेवटचे दिवस. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा कव्हराला कुबट वास आणि नळीत कोड फुटल्यासारखे डाग. तेलाचा हात फिरवून, कव्हराबाहेर दिली असती तर वाचली असती. ट्रंकेतलं कव्हर तुम्हीही आजच काढा.

नळी चांगली निघाली आणि तरीही घरात कुणाला हौस नसेल, तर ती विकण्यासारखी आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आणणं जवळपास बंदच झालं, म्हणून जुन्या ब्रनोला गिऱ्हाईक आहे. घेणाऱ्याकडं लायसन हवं. जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं. नळी फुगलेली निघाली तर ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करून पावती घ्या, लायसनवरची नोंद कमी करून घ्या. वडिलांचा ताप त्यानं जाईल, भंगारवाल्यानं वाढेल.

तोवर त्या सात काडतुसांच्या कडांचे जवळून फोटो काढून दाखवा. रायफलीचा फोटो काढलात तर नंबर झाका.